खरखरीआडचे खाँसाहेब

उस्ताद अब्दुल करीम खाँ जवळजवळ पासष्ट वर्षं जगले आणि कळत्या वयापासून अखेरच्या दिवसापर्यंत गायले. त्यांच्या मैफली तासन् तास चालत. त्या साऱ्या गाण्यातून आपल्या हाती काय उरलं? तीन-सव्वातीन मिनिटांच्या काही तबकड्या. लाखेच्या, काळ्याभोर, हातातून निसटल्या तर कपबशीसारख्या फुटणाऱ्या. त्यांच्यावर सुई टेकली की आधी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो, आणि त्या तडतडीच्या पलीकडून, फार लांबून आल्यासारखा, एक बारीक, उंच, किंचित नाकातला सूर ऐकू येतो. एकदा ऐकला की माणूस हातातलं काम बाजूला ठेवतो.

आता हा सूर तबकडीवर ऐकणारी घरं फार थोडी. तो संगणकात उतरला, तिथून सी.डी.वर गेला आणि पुढे खिशातल्या फोनपर्यंत येऊन पोचला. या प्रवासात खाँसाहेबांचं काय काय आपल्यापर्यंत आलं आणि काय वाटेत गळून पडलं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. उत्तर शोधताना मला यंत्राच्या माहितीइतकाच उपयोग झाला तो त्यांच्या चरित्राचा. कारण या माणसानं ज्या गोष्टीचा आयुष्यभर ध्यास घेतला, नेमकी तीच गोष्ट संगणकाला कचरा वाटते.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा. गाव कैराना, आजच्या उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यातलं. या गावाच्याच नावावरून त्यांच्या गायकीला किराणा घराणं म्हणतात. आपल्याकडे अजूनही एखाद्याला वाण्याचं दुकान आठवतं, तो भाग वेगळा! घर गाण्या-बजावण्याचं, वडील काले खाँ हेच पहिले गुरू. गळ्याबरोबर हातही तयार झाला. बीन, सारंगी ही वाद्यं त्यांना नुसती वाजवता येत नसत, ती उघडून दुरुस्तही करता येत. ही हौस त्यांनी जन्मभर सांभाळली.

तरुण वयात ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्याला आले आणि सयाजीराव महाराजांच्या दरबारी गवई झाले. तिथेच त्यांच्या आयुष्याला वळण देणारी गोष्ट घडली. गायकवाडांच्या नात्यातल्या सरदार मान्यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होती. दोघांचं मन जुळलं. मुसलमान गवई आणि मराठा सरदाराची लेक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोद्यासारख्या संस्थानात हे मान्य होणं शक्यच नव्हतं. दोघांनी बडोदं सोडलं आणि मुंबई गाठली. हा गवई महाराष्ट्राचा झाला तो असा.

पुढे मिरज हे त्यांचं गाव झालं. प्लेगच्या साथीच्या त्या दिवसांत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात सेवा केली आणि दुखण्यातून उठलो, अशी त्यांची श्रद्धा होती. ती त्यांनी अखेरपर्यंत जपली. मिरज हे त्यांच्यासाठी आणखी एका अर्थानं योग्य गाव होतं. तंबोरे आणि सतारी घडवणारे कारागीर इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. भोपळा निवडावा, वाळवावा, दांडी जोडावी, घोडी घासावी आणि मग तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी लावावी. मिरजेच्या या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याला वाद्याचं पोट उघडून बघायची सवय आहे, अशा गवयाला याहून चांगला शेजार कुठे मिळणार?

तंबोरा हा खाँसाहेबांच्या गाण्याचा पाया होता. तंबोरा जुळवायला त्यांना वेळ लागे आणि तो वेळ ते मुळीच वाचवत नसत. चार तारांचा झंकार एकजीव झाला की त्यातून न छेडलेले सूरही आपोआप ऐकू येऊ लागतात. गाणाऱ्यांच्या भाषेत त्यांना स्वयंभू गंधार वगैरे नावं आहेत. शास्त्राच्या भाषेत ते मूळ स्वराचे वरचे स्वनक. खाँसाहेब आपला गळा त्या झंकारात विरघळवीत. त्यांचा स्वर लागला म्हणजे तो गळ्यातून आला की तंबोऱ्यातून उगवला हे कळत नसे, असं ऐकणाऱ्यांनी सांगून ठेवलं आहे.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर श्रुतींच्या मागे लागले होते. एका सप्तकात बावीस श्रुती असं ग्रंथ सांगतात. पण प्रत्यक्ष गाणाऱ्याच्या गळ्यात त्या कुठे लागतात, हे त्यांना तारेची लांबी मोजून बघायचं होतं. त्यासाठी गळा हवा होता तो खाँसाहेबांचा. त्या काळी बहुतेक खानदानी गवई आपली विद्या भिंतीलाही ऐकू देत नसत. खाँसाहेब मात्र मोजमाप करणाऱ्या माणसासमोर बसून पुन्हा पुन्हा स्वर लावीत राहिले. देवलांचं इंग्रजी पुस्तक १९१० साली आलं. साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमंट्स यांनीही याच दिशेनं काम केलं आणि श्रुतींची खास पेटी तयार करवली. आवाज मोजून आकड्यात मांडायचा हा उद्योग म्हणजे, पाहायला गेलं तर, आजच्या संगणकी ध्वनिमुद्रणाचा दूरचा पूर्वजच.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. घराण्याबाहेरच्या, गरिबाघरच्या मुलांना तिथे गाणं शिकवलं. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे आपले सवाई गंधर्व, हे त्यांचे पट्टशिष्य. याच काळातली एक आठवण मुलांना सांगण्यासारखी आहे. खाँसाहेबांनी टिपू नावाचा कुत्रा पाळला होता आणि त्याला म्हणे स्वरात स्वर मिसळायला शिकवलं होतं. ग्रामोफोन कंपनीच्या चित्रातला कुत्रा कर्ण्यासमोर बसून नुसता ऐकतो. मिरजेचा कुत्रा गात होता!

मग १९२२ साल आलं. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांना त्यांनी आपलं माने हे आडनाव दिलं आणि नवी नावं ठेवली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीना पुढे सरस्वती राणे झाली. कमलाबाई आणि कृष्णराव ही आणखी दोन भावंडं. पाचही जणांच्या रक्तात गाणं होतं. हिराबाईंनी पुढची तालीम घेतली ती वडिलांच्या नात्यातल्या अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे. आपल्याच मुलांचा गळा आपल्यासमोर तयार होताना पाहण्याचं सुख खाँसाहेबांच्या वाट्याला पुरतं आलं नाही. त्यानंतर त्यांच्या गाण्यात करुण रस अधिक भरला असं जाणकार म्हणतात. गवयाच्या गाण्यावरून त्याच्या संसाराचे हिशेब मांडणं मला फारसं पटत नाही. पण जोगियातली त्यांची ती प्रसिद्ध चीज ऐकताना हा विचार मनात येत नाही असंही नाही.

आता तबकड्यांकडे येतो. खाँसाहेबांच्या तबकड्यांचे दोन काळ आहेत. पहिला १९०५ च्या सुमाराचा. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गवयानं कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजानं पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणावर रेघ ओढायची. तबकड्या छापून यायच्या त्या जर्मनीतल्या हानोव्हरहून; कलकत्त्याला सियालदहचा कारखाना निघाला तो १९०८ साली. अशा मुद्रणात तंबोऱ्यासारखा हळू आवाज उतरणं कठीणच. दुसरा काळ १९३० नंतरचा, विजेच्या मुद्रणाचा. ओडियन कंपनीच्या या तबकड्यांनी खाँसाहेबांना घराघरांत नेलं. झिंझोटीतली 'पिया बिन' ही ठुमरी, भैरवी, 'मानापमान' नाटकातली दोन पदं, इतकंच काय पण त्यागराजांची खरहरप्रियामधली एक कृतीसुद्धा या तबकड्यांवर आहे. म्हैसूरच्या दरबारात त्यांचं येणं-जाणं होतं, कर्नाटक संगीताचा त्यांनी मनापासून अभ्यास केला होता. त्याची ही खूण.

तीच ठुमरी कुंदनलाल सैगल यांनी १९३५ च्या हिंदी 'देवदास'मध्ये गायिली. आणि गदगच्या एका दुकानात खाँसाहेबांची तबकडी ऐकून एक शाळकरी मुलगा वेडा झाला, असं गाणं मला यायला हवं म्हणून घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. तो भटकत भटकत अखेर ज्यांच्या पायाशी पोचला ते सवाई गंधर्व, म्हणजे खाँसाहेबांचेच शिष्य. हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. तबकडीवरच्या त्या तीन मिनिटांनी केवढं काम केलं पाहा! आणि तेही सगळ्या खरखरीसकट.

माझ्या मामांच्या ट्रंकेतल्या बावीस तबकड्या २००१ साली माझ्याकडे आल्या. त्यांतल्या पाच खाँसाहेबांच्या. बँकेच्या संगणक विभागातला एक तरुण सहकारी गाण्याचा शौकीन होता. त्याच्याकडे सी.डी. कोरायची सोय होती. दोन महिन्यांचे रविवार आम्ही या उद्योगात घालवले, आणि पुढेही मी तो छंद सोडला नाही. म्हणून चार गोष्टी अनुभवानं सांगू शकतो.

तबकडी आधी धुवावी लागते. शुद्ध पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. स्पिरिट चुकूनही लावायचं नाही, लाख त्यात विरघळते. मग सुई. जुन्या तबकडीची खाच रुंद असते. तिला एका इंचाच्या हजार भागांपैकी तीन भाग जाडीची सुई लागते. एल.पी.ची सुई याच्या तिसऱ्या हिश्शाची किंवा त्याहूनही बारीक. ती लावली तर खाचेच्या तळाशी घसटत जाते आणि तिथला पिढ्यान् पिढ्यांचा कचरा तेवढा ऐकवते. तिथून आवाज संगणकात जातो. सी.डी.च्या हिशेबानं संगणक दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजतो आणि आकडा लिहून ठेवतो. तीन मिनिटांच्या गाण्याच्या जवळजवळ ऐंशी लाख नोंदी होतात. उभा जन्म खतावण्यांत गेलेल्या माणसाला याचं कौतुक वाटणारच.

खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. पहिला प्रश्न वेगाचा. या तबकड्यांना आपण अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या म्हणतो, पण जुन्या काळी हा आकडा सगळीकडे पाळला जात नसे. कधी सत्तरीच्या खालच्या अंगाला, कधी ऐंशीच्या वर. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. आवाज बारीक होतो, ताना जलद होतात, स्वभावच बदलतो. खाँसाहेबांचा आवाज मुळात उंच आणि बारीक होता, हे त्यांना समोर बसून ऐकणाऱ्यांनी सांगितलं आहे. पण किती उंच? १९०५ च्या तबकडीसाठी हे ठरवतो तो संगणकासमोर बसलेला माणूस, एक बटण फिरवून.

दुसरा प्रश्न खरखरीचा. तबकडीवरचा ओरखडा म्हणजे एक टक्, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाएवढा. संगणक तो शोधतो, कापतो आणि मागचा-पुढचा आवाज बघून मधली जागा अंदाजानं भरतो. इथपर्यंत ठीक. पण सततची खरखर काढायची रीत वेगळी आहे. गाणं सुरू होण्याआधीचा तुकडा संगणकाला दाखवायचा आणि सांगायचं की हा कचऱ्याचा नमुना, असं जे जे सबंध तबकडीभर सापडेल ते वजा कर. संगणक आज्ञाधारक. तो सलग, एकसारख्या, हलक्या आवाजाला कचरा समजतो आणि पुसून टाकतो.

वाचकहो, गाण्याच्या मागे सलग, एकसारखा, हलका असा दुसरा कोणता आवाज असतो?

एका परिचितांनी खाँसाहेबांची एक सी.डी. मोठ्या हौसेनं स्वच्छ करून मला भेट दिली. खरखर नावाला नाही. खाँसाहेब शेजारच्या खोलीत गात आहेत असं क्षणभर वाटलं. मग काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. मामांच्या तबकडीवरून उतरवलेली आमची खरखरीत प्रत लावली आणि दोन्ही पाठोपाठ ऐकल्या. आमच्या प्रतीत तडतडीच्या आत, अगदी पुसट, तंबोरा होता. स्वच्छ प्रतीत तो नव्हता. दोन ओळींच्या मधल्या जागा, जिथे खाँसाहेब थांबून तंबोऱ्याला बोलू देतात, तिथे काळोख पडला होता. शेवटच्या स्वराचा विरत जाणारा धागाही मध्येच कापलेला. ज्या माणसानं तंबोऱ्याच्या पोटात शिरून सूर शोधला, देवलांसमोर बसून एकेक श्रुती मोजू दिली, त्याला आम्ही तंबोऱ्याशिवाय उभं केलं होतं. त्याचा गळा ठेवला आणि पायाखालची जमीन काढून घेतली.

याचा अर्थ संगणकाला दोष द्यावा असा नाही. तो नसता तर मामांच्या पाच तबकड्या माझ्या नातवंडांच्या कानी कधीच पडल्या नसत्या. दर वेळी सुई फिरली की लाखेची खाच थोडी झिजते. संगणकातली प्रत हजारदा ऐकली तरी झिजत नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले आणि त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे नाही. त्यांच्याबद्दल आपण फक्त वाचू शकतो. खाँसाहेब निदान ऐकू येतात. प्रश्न एवढाच की ऐकू येतात ते किती खाँसाहेब आणि किती आपण.

बँकेत आम्हाला पहिल्याच महिन्यात एक शिस्त शिकवत. खतावणीत खाडाखोड चालत नाही. नोंद चुकली तर तिच्यावर एकच रेघ अशी मारायची की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा लिहायचा आणि सही करायची. पुढे सगळ्या खतावण्या संगणकात गेल्या, तरी नियम तोच राहिला. जुन्या आवाजांना हाच नियम लावावा असं मला वाटतं. तबकडी किंवा कॅसेट जशी वाजते तशी, खरखरीसकट, एक प्रत उतरवून ठेवावी आणि तिला हात लावू नये. कानाला गोड लागण्यासाठी दुसरी प्रत खुशाल स्वच्छ करावी. आणि सी.डी.च्या कागदावर लिहावं: कोणती तबकडी, तिचा क्रमांक, कोणत्या वेगानं वाजवली, काय काय पुसलं, कोणी आणि कधी. घरात कोरलेल्या सी.डी.चंही आयुष्य फार मोठं नसतं. माझ्या २००१ च्या काही सी.डी. आज वाचल्या जात नाहीत. मामांची शंभरीकडे झुकलेली तबकडी मात्र अजून वाजते. म्हणून प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ तबकडी भंगारवाल्याला देऊ नये.

हे नुसतं खाँसाहेबांसाठी नाही. आपल्या घरांतही कॅसेटी आहेत. आजीची ओवी, वडिलांनी म्हटलेली आरती, एखाद्या मुंजीतला गलका. मागे पंखा घरघरतो आहे, कुकरची शिट्टी होते आहे, कोणीतरी दाराशी हाक मारतं आहे. संगणकाला तो सगळा कचरा वाटेल. तुम्हाला वाटेल का, ते एकदा नीट ऐकून ठरवा. पंखा पुसताना त्या खोलीतली दुपारही पुसली जाते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासकडे गेले होते. तिथून पाँडिचेरीला जाताना गाडीत छातीत दुखू लागलं, म्हणून मंडळींनी त्यांना सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनवर उतरवलं. रात्रीची वेळ. फलाटावर बिछाना घातला. खाँसाहेब उठून बसले, तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारीच्या सुरात ईश्वराचं नाव घेत त्यांनी देह ठेवला. तारीख होती २७ ऑक्टोबर. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर वर्षी तिथे उरुसात गवई येऊन हजेरी लावतात. सुरुवातीला दोन तंबोरे जुळवले जातात. त्याला वेळ लागतो आणि तेवढा वेळ सगळे गप्प बसून ऐकतात.